डिझाइनची साधने एआय एजंटसाठी कशी लिहून ठेवावीत

कोणत्याही डिझाइन सॉफ्टवेअरच्या माहितीपुस्तिकेत आढळणारे एक वाक्य घेऊ: ‘हवा तो चौकोन निवडा आणि शेजारच्या पॅनेलमधून त्याचा रंग बदला.’ माणसाला एवढे पुरते, कारण उरलेले काम त्याचे डोळे करतात. कोणता चौकोन निवडला गेला आहे हे त्याच्याभोवती उमटलेल्या चौकटीवरून कळते, लेयर कुलूपबंद असेल तर कुलपाचे चिन्ह दिसते, आणि रंग चुकला तर ती चूक त्याच क्षणी समोर येऊन हात आपोआप अनडूकडे वळतो. एआय एजंट, म्हणजे भाषा-मॉडेलच्या आधारे सॉफ्टवेअर स्वतः चालवणारा प्रोग्राम, याच्या बाबतीत यातले काहीच गृहीत धरता येत नाही. साधनाचे (म्हणजे एजंटला वापरता येणाऱ्या एका आज्ञेचे) नाव, त्याचे वर्णन, पॅरामीटर (त्याला द्यायची मूल्ये) आणि मागच्या कृतीनंतर परत आलेला मजकूर एवढ्यावरच त्याला पुढचे पाऊल ठरवावे लागते. म्हणून एजंटसाठी दस्तऐवज लिहिणे म्हणजे माणसासाठीच्या पुस्तिकेची संक्षिप्त प्रत काढणे नव्हे. माणूस जे पाहून समजून घेतो ते शब्दांत आणणे हे त्यातले खरे काम आहे.

आज अशी साधने बहुधा मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजेच एमसीपी, या खुल्या मानकाद्वारे एजंटला उपलब्ध करून दिली जातात. अँथ्रॉपिक कंपनीने ते नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर केले. त्यात प्रत्येक साधनाला एक नाव, एक वर्णन आणि जेसन स्कीमाच्या (मूल्यांचे प्रकार आणि मर्यादा नोंदवण्याच्या ठरावीक पद्धतीच्या) रूपात लिहिलेली पॅरामीटरांची रचना असते. पुढील सूचना या रचनेला धरून लिहिल्या आहेत. मात्र साधने दुसऱ्या कोणत्या पद्धतीने जोडलेली असली, तरी त्यांतल्या बहुतेक तशाच लागू पडतील.

साधने मेनूप्रमाणे नव्हे, कामाप्रमाणे मांडावीत

लिहायला बसण्यापूर्वी काय लिहायचे ते ठरवावे लागते. सॉफ्टवेअरच्या एपीआयमध्ये (इतर प्रोग्रामसाठीच्या आज्ञासंचात) जेवढी फंक्शने आहेत तेवढी साधने जशीच्या तशी उघडी करून देण्याचा मोह होतो, आणि तो टाळावा. एकसारखी दिसणारी शंभर साधने समोर ठेवली की त्यांची वर्णनेच एजंटच्या कॉन्टेक्स्ट विंडोमधली (एका वेळी त्याला वाचता येणाऱ्या मजकुराच्या मर्यादेतली) बरीच जागा खातात आणि निवड चुकण्याची शक्यता वाढते. डिझाइनर एका दमात जे काम सांगतो, उदाहरणार्थ ‘या फ्रेममधील सर्व बटणांची उंची सारखी कर’, ते शक्य तितक्या कमी पावलांत करता येईल अशी साधने निवडावीत. दुसऱ्या टोकाला जाऊन एकाच साधनात ‘कृती’ नावाचा पॅरामीटर ठेवून त्यात वीस कामे कोंबणेही बरे नाही, कारण मग प्रत्येक कृतीला लागू होणारे पॅरामीटर वेगळे होतात आणि वर्णन वाचून नेमके काय पाठवायचे ते कळेनासे होते.

नाव ठेवताना क्रियापद आणि वस्तू दोन्ही असावीत. ‘फिल’ या नावापेक्षा ‘सेट_फिल_कलर’ हे नाव स्वतःच अर्धे वर्णन करते. जी कृती केवळ माहिती वाचते तिच्या नावात ‘गेट’ किंवा ‘लिस्ट’, जी बदल करते तिच्या नावात ‘सेट’ किंवा ‘अपडेट’, आणि जी काढून टाकते तिच्या नावात ‘डिलीट’ असा नियम एकदा ठरवला की तो सर्वत्र पाळावा.

शब्दांच्या बाबतीत आणखी एक अडचण येते, आणि तिच्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. एजंटमागच्या भाषा-मॉडेलला डिझाइनविषयी काही माहीत नसते असे नाही. उलट त्याने अनेक सॉफ्टवेअरांविषयीचा मजकूर वाचलेला असतो आणि त्यांच्या संज्ञा त्याच्या मनात एकमेकींत मिसळलेल्या असतात. फिग्मा या डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये ‘फ्रेम’ म्हणजे इतर घटकांना पोटात घेणारी, स्वतःची मांडणी असलेली चौकट. पानांच्या मांडणीच्या इनडिझाइनमध्ये ‘फ्रेम’ म्हणजे मजकूर किंवा चित्र ज्यात बसवले जाते ती पेटी. चित्रांकनाच्या इलस्ट्रेटरमध्ये पानासारख्या कामाच्या क्षेत्राला ‘आर्टबोर्ड’ म्हणतात. तुमच्या साधनात ‘फ्रेम’ हा शब्द येत असेल, तर तो कोणत्या अर्थाने येतो आणि कोणत्या अर्थाने येत नाही हे एका वाक्यात सांगून टाकावे. जेथे तुमचे सॉफ्टवेअर इतरांसारखेच वागते तेथे थोडक्यात लिहिले तरी चालते. जेथे ते वेगळे वागते तेथे मात्र हात आखडता घेऊ नये.

वर्णनात काय असावे

‘आकाराचा रंग बदलते’ हे वर्णन खोटे नाही, पण निरुपयोगी आहे. त्याच साधनाचे पुढीलप्रमाणे लिहिलेले वर्णन पाहावे:

‘दिलेल्या ओळखक्रमांकाच्या आकाराचा आतील भराव एकाच सपाट रंगाने बदलते. आधीचे सर्व भराव, ग्रेडियंट आणि चित्रे धरून, काढून टाकले जातात. कडेच्या रेषेचा रंग बदलत नाही. त्यासाठी सेट_स्ट्रोक_कलर वापरावे. मजकुराच्या केवळ काही अक्षरांचा रंग बदलायचा असल्यास हे साधन वापरू नये. कंपोनंटच्या इन्स्टन्सवर वापरल्यास बदल त्या इन्स्टन्सपुरताच राहतो. कृती पूर्ण झाल्यावर ओळखक्रमांक, आधीचे भराव आणि नवा रंग परत येतो.’

(कंपोनंट म्हणजे पुन्हा पुन्हा वापरायचा मूळ घटक आणि इन्स्टन्स म्हणजे त्याची त्याच्याशी जोडलेली प्रत.) यात साधन काय करते याइतकीच जागा ते काय करत नाही आणि त्याऐवजी काय वापरावे याला दिली आहे. माझ्या मते चांगल्या आणि सुमार वर्णनातला सर्वांत मोठा फरक येथेच असतो, कारण एजंटच्या पुष्कळशा चुका साधन चुकीच्या पद्धतीने वापरल्यामुळे नव्हे, तर शेजारचे साधन निवडल्यामुळे होतात. ‘आधीचे सर्व भराव काढून टाकले जातात’ हे वाक्य गाळले, तर एखाद्या शीर्षकचित्रावर हलकी रंगछटा चढवायला निघालेला एजंट ते चित्रच पुसून टाकेल, आणि परत आलेल्या उत्तरात ‘यशस्वी’ असा शब्द वाचून समाधानाने पुढे जाईल.

पॅरामीटरांच्या बाबतीत जेथे ठरावीक पर्यायच चालतात तेथे मोकळा मजकूर स्वीकारू नये. पर्यायांची यादी स्कीमातच द्यावी. किमान आणि कमाल मर्यादा असतील तर त्याही तेथेच लिहाव्यात. एखादा पॅरामीटर दिला नाही तर काय धरले जाते हे स्पष्ट सांगावे.

एकके, अक्ष आणि रंग

या विभागाला मी मुद्दाम अधिक जागा देत आहे, कारण येथील चुका बहुधा आवाज न करता होतात. जी चूक त्रुटी-संदेश देऊन थांबते ती एजंट स्वतः सुधारू शकतो. जी चूक चुकीची पण शक्य वाटणारी आकृती काढून मोकळी होते, ती कोणाच्या तरी डोळ्यांना दिसेपर्यंत फाइलमध्ये तशीच राहते.

लांबीपासून सुरुवात करू. इलस्ट्रेटरच्या स्क्रिप्टमध्ये मापे पॉइंटांत असतात आणि एका इंचात ७२ पॉइंट असतात. सीएसएसमध्ये एका इंचाचे ९६ पिक्सेल धरले जातात. त्यामुळे ए४ कागदाची २१० मिलिमीटर रुंदी एका ठिकाणी सुमारे ५९५ होते, तर दुसऱ्या ठिकाणी सुमारे ७९४. यातली एक संख्या दुसऱ्या जागी गेली तर कोणतीही त्रुटी येणार नाही, फक्त मांडणी बिघडेल. एकाच सॉफ्टवेअरच्या दोन आवृत्त्यांतही असा फरक पडू शकतो: इंकस्केप पूर्वी एका इंचाचे ९० पिक्सेल धरत असे, आणि २०१७ च्या ०.९२ या आवृत्तीपासून ते ९६ धरू लागले. जुन्या फाइलींशी काम करणाऱ्या साधनाच्या दस्तऐवजात असा बदल नोंदवलेलाच असला पाहिजे.

कोनांचे उदाहरण तर अधिकच बोलके आहे. त्रिमितीय चित्रणाच्या ब्लेंडर या सॉफ्टवेअरच्या पडद्यावर फिरवण्याचा कोन सामान्यतः अंशांत दिसतो, पण त्याच्या पायथन एपीआयला तो रेडियनमध्ये द्यावा लागतो. ऑटोकॅडच्या ऑटोलिस्प या भाषेतही कोन रेडियनमध्येच मोजले जातात. कोडने त्रिमितीय आकार घडवणाऱ्या ओपनएससीएडीमध्ये मात्र अंश चालतात. समजा, एखादी वस्तू ४५ अंशांत फिरवायची आहे आणि एजंटने रेडियनच्या जागी थेट ४५ ही संख्या पाठवली. ४५ रेडियन म्हणजे सुमारे २५७८ अंश; त्यातून सात पूर्ण फेऱ्या वजा केल्या की उरतात सुमारे ५८ अंश. म्हणजे वस्तू तिरकी होते, बरीचशी अपेक्षेसारखीच दिसते, आणि तरीही चुकलेली असते.

यावरचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे एकक पॅरामीटरच्या नावातच ठेवणे: ‘रुंदी’ऐवजी ‘रुंदी_मिमी’, ‘कोन’ऐवजी ‘कोन_अंश’. वर्णन वाचताना एखादे वाक्य दुर्लक्षित राहू शकते, पण पॅरामीटरचे नाव साधन वापरताना लिहावेच लागते. आतल्या एपीआयला रेडियन हवे असतील तर ते रूपांतर साधनाने करावे, एजंटवर सोपवू नये.

अक्षांच्या बाबतीत मूळबिंदू कोठे आहे आणि वाय अक्ष कोणत्या दिशेने वाढतो, हे दोन्ही सांगावे. वेबवरच्या एसव्हीजी चित्रांमध्ये वाय खाली वाढतो, तर पीडीएफच्या मूळ निर्देशांकपद्धतीत तो वर वाढतो. त्रिमितीत ब्लेंडर झेड अक्षाला वरची दिशा मानतो, पण काही सॉफ्टवेअरांत तो मान वाय अक्षाकडे असतो. याशिवाय स्थान कशाच्या संदर्भात मोजले आहे हा प्रश्न राहतोच: फिग्मामध्ये घटकाचे एक्स आणि वाय हे त्याला पोटात घेणाऱ्या फ्रेमच्या संदर्भात असतात, संपूर्ण पानाच्या नव्हे. एखादा घटक एका फ्रेममधून दुसऱ्या फ्रेममध्ये हलवणाऱ्या साधनाने हे आकडे तसेच ठेवले, तर घटक कॅनव्हासवर भलतीकडे जाऊन बसतो.

रंग लिहिण्याच्याही अनेक पद्धती आहेत. फिग्माच्या प्लगइन एपीआयमध्ये लाल, हिरवा आणि निळा हे प्रत्येकी ० ते १ या मर्यादेत लिहितात; वेबवर ० ते २५५ किंवा हेक्स संकेत (#FF0000 सारखा) रूढ आहे. ब्लेंडरमध्ये पदार्थाचा रंग पायथनमधून देताना तो रेषीय मूल्यांत, म्हणजे प्रकाशाच्या प्रत्यक्ष प्रमाणात, अपेक्षित असतो, म्हणून हेक्स संकेतातील मूल्याला नुसते २५५ ने भागून पाठवले तर रंग हवा त्यापेक्षा फिकट दिसतो. साधनाने हेक्स संकेत स्वीकारावा आणि आतले रूपांतर स्वतः करावे, हा मला सर्वांत सोयीचा मार्ग वाटतो. तो शक्य नसेल, तर मर्यादा, रंगावकाश (मूल्ये कोणत्या रंगपद्धतीतली आहेत ते) आणि पारदर्शकतेचे मूल्य कोठे लिहायचे, या तिन्ही गोष्टी एका उदाहरणासह द्याव्यात.

न दिसणारी अवस्था

डिझाइन सॉफ्टवेअर नेहमी कोणत्या तरी अवस्थेत असते: कोणते पान उघडे आहे, काय निवडलेले आहे, कोणता मोड चालू आहे. माणसाला हे पडद्यावर दिसत असते, म्हणून पुस्तिकेत त्याचा उल्लेख क्वचितच असतो. ब्लेंडरमधील अनेक ऑपरेटर (आज्ञा) सध्याच्या मोडवर आणि सक्रिय वस्तूवर अवलंबून असतात. ती परिस्थिती जुळली नाही तर संदर्भ चुकीचा असल्याची त्रुटी येते, पण कोणता संदर्भ बरोबर ठरला असता ते त्यावरून सहजासहजी कळत नाही. फिग्मामध्ये मजकूर बदलण्यापूर्वी त्यात वापरलेले सर्व फाँट वेगळ्या आज्ञेने लोड करून घ्यावे लागतात, आणि एका मजकुरात दोन फाँट असतील तर दोन्ही.

शक्य असेल तेथे साधन अवस्थेवर अवलंबून ठेवूच नये. ‘सध्या निवडलेला घटक’ याऐवजी ओळखक्रमांक मागावा. जेथे ते टाळता येत नाही तेथे प्रत्येक पूर्वअट वर्णनात लिहावी आणि ती कोणत्या साधनाने पूर्ण करता येते तेही सांगावे. याखेरीज अवस्था वाचून दाखवणारे किमान एक साधन असावे. त्याच्या उत्तरात संपूर्ण फाइल ओतू नये. मोठ्या फाइलीत हजारो घटक असतात. पहिल्या फेरीत वरच्या पातळीवरच्या चौकटींची नावे आणि ओळखक्रमांक द्यावेत, आणि एजंटने मागितल्यावरच त्याखालची पातळी उघडावी.

परत न फिरणाऱ्या कृती

इन्स्टन्स मूळ कंपोनंटपासून तोडणे, अक्षरांचे बाह्यरेषांत रूपांतर करणे, लेयर एकत्र सपाट करणे: या कृतींनंतर आकृती पडद्यावर जशीच्या तशी दिसते, पण तिची बदलण्याची क्षमता गेलेली असते. स्क्रीनशॉट घेऊन तपासणाऱ्या एजंटलाही काही बिघडल्याचे कळणार नाही. अशा प्रत्येक साधनाच्या वर्णनाची सुरुवातच त्या परिणामाने करावी: ‘या कृतीनंतर मजकूर संपादित करता येत नाही.’

एमसीपीमध्ये साधन केवळ वाचणारे आहे का, विध्वंसक आहे का आणि तीच कृती पुन्हा केल्यास परिणाम बदलतो का, हे दर्शवणाऱ्या खुणा जोडता येतात. त्या न जोडल्यास साधन वाचण्यापुरते मर्यादित नाही आणि विध्वंसक असू शकते असे गृहीत धरले जाते. मात्र या खुणा केवळ सूचक आहेत, त्या कोणतीही कृती रोखत नाहीत. रोखणे आवश्यक असेल तर ते साधनाच्या कोडमध्येच करावे, आणि वापरणाऱ्या माणसाची संमती कोणत्या टप्प्यावर घ्यायची ते दस्तऐवजात लिहावे.

त्रुटी-संदेश हाही दस्तऐवजाचाच भाग

एजंट त्रुटी-संदेश काळजीपूर्वक वाचतो, बहुतेक माणसांपेक्षा अधिक. म्हणून संदेशात तीन गोष्टी असाव्यात: काय चुकले, काय चालले असते, आणि आता काय करावे. ‘अवैध फाँट’ याऐवजी ‘मुक्ता सेमीबोल्ड हा फाँट या फाइलीत उपलब्ध नाही, मुक्ता रेग्युलर आणि मुक्ता बोल्ड उपलब्ध आहेत, संपूर्ण यादीसाठी लिस्ट_फाँट्स वापरावे’ असा संदेश आला, तर पुढचा प्रयत्न बरोबर होण्याची शक्यता पुष्कळ वाढते. फाँट सापडला नाही म्हणून मुकाट्याने दुसरा लावून ‘यशस्वी’ असे उत्तर देणे हा सर्वांत वाईट पर्याय आहे. देवनागरी मजकुराच्या बाबतीत तर बदललेल्या फाँटमध्ये जोडाक्षरेच तुटलेली दिसू शकतात.

यशस्वी उत्तरातही मोजके पण उपयोगी असे काही परत यावे. नवा घटक तयार झाला असेल तर त्याचा ओळखक्रमांक, प्रत्यक्ष रुंदी-उंची, आणि मजकूर चौकटीबाहेर गेला आहे का, एवढे तरी द्यावे. ज्या गोष्टी संख्येने तपासता येतात त्या प्रतिमेवरून ताडायला लावू नयेत. उदाहरणार्थ, मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्यातील कॉन्ट्रास्ट डब्ल्यूसीएजी या वेब-सुलभतेच्या मानकाच्या एए पातळीसाठी साध्या मजकुराला किमान ४.५ आणि मोठ्या मजकुराला किमान ३ असावा लागतो. हे गुणोत्तर साधनानेच मोजून सांगावे. त्यासोबत निवडलेल्या भागाची प्रतिमा देणारे एक साधन ठेवावेच, कारण संतुलन, दाटी आणि मोकळी जागा यांसारख्या गोष्टी आकड्यांत पूर्णपणे पकडता येत नाहीत.

संस्थेचे नियम वेगळे ठेवावेत

साधन काय करू शकते आणि आपल्या डिझाइन सिस्टिममध्ये (संस्थेने ठरवलेल्या रंग, घटक आणि नियमांच्या संचात) काय करायचे आहे, हे दोन वेगळे विषय आहेत. ‘रंग थेट हेक्समध्ये लिहू नये, रंगाचे टोकन (नाव दिलेला ठरावीक रंग) वापरावे’ हा नियम साधनाच्या वर्णनात नव्हे, तर प्रकल्पाच्या मार्गदर्शक फाइलीत असावा. कोडिंगच्या जगात याच हेतूने ‘एजंट्स डॉट एमडी’ नावाची फाइल ठेवण्याची प्रथा रूढ होत आहे. नियम लिहिताना त्याचे कारणही एका ओळीत द्यावे. ‘अंतर आठच्या पटीत ठेवावे, कारण आमचे सर्व कंपोनंट त्या जाळीवर बसवलेले आहेत’ असे लिहिले की नियमात न बसणारा प्रसंग आला तरी एजंट समंजस निर्णय घेऊ शकतो.

याच फाइलीत सुरक्षिततेची एक बाब ठामपणे लिहावी. डिझाइन फाइलमधील मजकूर, लेयरची नावे आणि टिप्पण्या हे सर्व एजंट वाचतो, आणि त्यांत कोणीतरी एजंटला उद्देशून आज्ञा लिहून ठेवू शकतो. फाइलमधून आलेला मजकूर ही माहिती आहे, सूचना नव्हे, हे तेथे नोंदवावे, आणि साधनाच्या उत्तरातही तो मजकूर वेगळा ओळखू येईल अशा रीतीने परत करावा. केवळ लिहून धोका टळत नाही. फाइल वाचणाऱ्या एजंटला बाहेर काही पाठवण्याची किंवा प्रकाशित करण्याची मुभा द्यायची का, याचाही विचार करावा लागतो.

लिहिल्यावर तपासणी

दस्तऐवज पूर्ण झाला की तो एका नव्या, काहीही संदर्भ नसलेल्या एजंटला द्यावा आणि दहा-पंधरा खरी कामे सांगावीत. त्यात काही कामे संदिग्ध असावीत, काही एकापेक्षा अधिक साधने लागणारी, आणि एखादे मुळात अशक्य असलेले. शेवटची आकृती बरोबर आली का एवढेच पाहू नये. कोणते साधन कोणत्या क्रमाने आणि कोणत्या मूल्यांनी वापरले गेले याची नोंद वाचावी. एजंट एखादे साधन दोनदा चुकीच्या मूल्याने वापरून तिसऱ्यांदा यशस्वी होत असेल, तर ती दस्तऐवजातली उणीव आहे आणि ती त्या नोंदीतच दिसते. चूक सापडली की आणखी एक इशारा जोडण्याची सवय लागते, पण आधी नाव बदलून, पॅरामीटर कमी करून किंवा दोन साधने एकत्र करून ती चूक अशक्य करता येते का ते पाहावे. इशाऱ्यांनी भरलेल्या वर्णनात महत्त्वाचे वाक्य हरवते.

आवृत्तीचा प्रश्न शेवटी घेतला असला तरी तो दस्तऐवजाच्या पहिल्या ओळीत असायला हवा. जुलै २०१९ मध्ये आलेल्या ब्लेंडर २.८० मध्ये वस्तू थेट दृश्याला जोडण्याऐवजी कलेक्शनला जोडण्याची पद्धत आली आणि वस्तू निवडण्याची आज्ञाही बदलली. तरी जुन्या पद्धतीने लिहिलेल्या स्क्रिप्ट आजही इंटरनेटवर आहेत आणि मॉडेलने त्याही वाचलेल्या आहेत. मार्च २०२५ मध्ये आलेल्या चित्र-संपादनाच्या गिम्प ३.० नेही प्लगइन लिहिण्याची रीत बदलली. म्हणून दस्तऐवज कोणत्या आवृत्तीसाठी आहे, कोणत्या जुन्या आज्ञा आता चालत नाहीत आणि त्यांच्या जागी काय आले, हे सुरुवातीलाच लिहावे. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली की वरील दहा-पंधरा कामे त्याच शब्दांत पुन्हा करून घ्यावीत आणि दोन्ही वेळच्या नोंदी शेजारी ठेवून, कोणत्या साधनाचे वर्णन जुने झाले ते पाहावे.